टोपी बंद ठेवणारी सुनीती

सुनीती वैरागडे बोलायला उभी राहिली, की समोरचा माइक आधी हातानं बाजूला सारायची. तिला त्याची गरजच नव्हती. वडील यज्ञेश्वरराव तुमसरकडचे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून रायपूरला आले आणि डब्ल्यूआरएस कॉलनीत स्थिरावले. दिवसभर लोखंडाच्या ठणठणाटात काढल्यावर त्यांना घरीही ओरडूनच बोलायची सवय लागली आणि मुलीनं ती जशीच्या तशी उचलली. वैरागड्यांकडे भांडण चाललंय की चहा चाललाय, हे बाहेरून कळत नाही, असं शेजारी म्हणायचे.

केमिकल इंजिनियर होऊन ती रायपूरजवळच्या उरला या औद्योगिक वसाहतीपलीकडच्या श्यामगिरी इस्पातमध्ये लागली, तेव्हा तिथं भट्टीवर काम करणारी बाई कुणी पाहिलीच नव्हती. बाईसाठी संडाससुद्धा नव्हता. पहिल्याच आठवड्यात मालक पाहणीला आले. बाकीचे अधिकारी हात बांधून उभे असताना सुनीती पुढं झाली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "सर, मले इथं बारा तास राहायचं आहे. जाऊ कुठं?" मालक आधी गोंधळले, मग हसले. महिन्याच्या आत भिंती उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव सगळ्यांना पाठ झालं. कोणी कौतुकानं घेई, कोणी कपाळाला आठी घालून.

पुढं छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. रस्ते रुंदावले, पंडरीच्या बाजारात कापडाचे ढीग दुपटीनं वाढले, शेतांच्या जागी नवं रायपूर उभं राहिलं. श्यामगिरीही वाढली. एक कारखाना छत्तीसगडमधल्याच रायगढकडे झाला, एक ओडिशात, आणि मुख्य कचेरी मुंबईला गेली. सुनीती मात्र इथंच राहिली. पन्नाशीला आली तेव्हा ती रायपूरच्या कारखान्याच्या पर्यावरण विभागाची प्रमुख होती. हाताखाली माणसं चार, आणि कामं अशी, की ती झाली तर कुणाला दिसू नयेत आणि चुकली तर साऱ्या गावाला दिसावीत.

अशात एक दिवस मुंबईहून घोषणा झाली. कंपनी आता कार्बन कमी करणार. २०३० पर्यंत दर टन मालामागचा कार्बन एक तृतीयांशानं घटवणार आणि २०५० ला तो निव्वळ शून्यावर आणणार. गेटवर हिरवा फलक लागला. कँटीनमधल्या कपांवरसुद्धा पान छापून आलं. मुंबईहून चिराग नावाचा तरुण अधिकारी आला. हवामानाचं खातं त्याच्याकडे होतं. त्यानं मोठ्या पडद्यावर उतरत जाणाऱ्या रेघा दाखवल्या. पहिल्या काही वर्षांसाठी दोन गोष्टी ठरल्या होत्या. खूप झाडं लावायची आणि राजस्थानातल्या सौर प्रकल्पातून वीज विकत घ्यायची.

भाषण संपल्यावर सुनीतीनं हात वर केला.

"झाडं लावा, चांगलंच आहे. पण आपली टोपी उघडी आहे, तिचं काय?"

चिरागला काही कळलं नाही. बाकीच्यांना कळलं, आणि ते खाली बघू लागले.

ही टोपी म्हणजे काय, ते सांगायला हवं. स्पंज आयर्नची भट्टी म्हणजे आडवा, थोडासा कललेला, सतत फिरणारा भला मोठा लोखंडी नळा. एका तोंडानं लोहखनिज आणि कोळसा आत जातो, दुसऱ्या तोंडानं स्पंज आयर्न, म्हणजे पोलादासाठी लागणारं सच्छिद्र लोखंड, बाहेर पडतं. आतून जो वायू निघतो तो इतका तापलेला असतो, की त्याच्या आचेवर बॉयलर चालतो, वाफ होते आणि वाफेवर वीज तयार होते. मग धूळ अडवून उरलेला वायू उंच चिमणीतून वर सोडतात. ही सरळ वाट. पण बॉयलरच्या अलीकडे एक आडवाटही ठेवलेली असते. तिथं एक आखूड चिमणी आणि तिच्या डोक्यावर लोखंडी झाकण. काही बिघडलं, वायू तुंबला, तर माणसं भाजू नयेत म्हणून ते झाकण उघडायचं. कारखान्यात आणि आजूबाजूच्या गावांत सगळे त्याला टोपीच म्हणत.

संकटासाठी ठेवलेली ही टोपी हळूहळू सवयीची झाली होती. बॉयलरच्या नळ्यांवर राख बसायची, नळ्या तुंबायच्या. साफ करायच्या तर भट्टी थांबवावी लागणार, आणि भट्टी थांबली की माल घटणार. त्यापेक्षा टोपी उघडायची आणि भट्टी चालू ठेवायची. आच आभाळात, धूळ गावावर. आणि त्या आचेवर जी वीज झाली असती, ती करण्यासाठी दुसरीकडे वेगळा कोळसा जाळायचा. सुनीती हे प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत आली होती. ऐकून घेणारे मान डोलवत आणि पुढच्या विषयाकडे वळत.

चिरागनं मात्र त्या दिवशी जेवताना तिच्याशेजारी ताट आणून ठेवलं. "मॅडम, वह टोपीवाली बात ज़रा फिर से समझाइए," म्हणाला. तिनं समजावली. तो विचारात पडला, पण मुंबईला परत गेल्यावर त्याचा काही निरोप आला नाही.

कंपनीला नवी भट्टी बांधायची होती. त्यासाठी हिवाळ्यात जनसुनवाई ठरली. आजूबाजूच्या गावांनी समोर येऊन बोलायचं, सरकारी अधिकाऱ्यांनी ऐकायचं, आणि सगळं कॅमेऱ्यात नोंदवून वर पाठवायचं, अशी ती पद्धत. कोसमपारा या गावाच्या शाळेच्या मैदानात मांडव पडला. कारखान्याचे प्रमुख अच्युतराव पुराणिक पहिल्या रांगेत बसले. हे तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतले, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेल्या घरातले. बोलणं मऊ, पण आपलं म्हणणं सोडायचं नाही असा स्वभाव.

मंचावर जाण्याआधी ते सुनीतीला बाजूला घेऊन म्हणाले, "सुनीतीबाई, लक्ष्यांबद्दल बोला. २०५०चं सांगा, झाडांचं सांगा. बाकी कशात शिरू नका."

"बरं," सुनीती म्हणाली. आणि तिच्या मनात खरंच तेवढंच होतं.

तिनं माइक सारला आणि बोलायला लागली. हवा तापते आहे, पाऊस बेभरवशाचा झाला आहे, कंपनीनं आपला वाटा उचलायचं ठरवलं आहे, हे सगळं तिनं हिंदीत, मध्येमध्ये छत्तीसगढीत सांगितलं. माणसं ऐकत होती, पण त्यांचे चेहरे कोरडेच होते. २०५० हा आकडा तिनं तिसऱ्यांदा उच्चारला, तेव्हा बायकांमधून एक उंच, हाडकुळी म्हातारी उठली. सुकवारा बाई तिचं नाव. गावातल्या बचत गटाची ती पुढारी होती. गटाच्या बायका कोहळा आणि उडदाच्या डाळीच्या बड्या घालत, म्हणजे आपले सांडगेच. त्या वाळवून रायपूरच्या सदर बाजारात विकत.

"नोनी," तिनं हाक मारली. नोनी म्हणजे पोरी. "तोर दू हजार पचास म मैं कहाँ रइहूँ? आज के गोठ कर."

तुझ्या दोन हजार पन्नासात मी कुठं असेन, आजचं बोल! मांडवात हशा पिकला. म्हातारीनं पदरातून एक पुडी काढली, पुढं येऊन टेबलावर उलटी केली. बड्या होत्या. पांढऱ्याशुभ्र असायला हव्यात, त्या राखाडी होत्या.

"छानी ऊपर सुखाए रहेन. ये देख. दुकानदार फेर दिस." छपरावर वाळत घातल्या होत्या आणि दुकानदारानं परत केल्या. मग तिनं सरळच विचारलं, "तुँहर टोपी कब बंद होही? के हमन ला टोपी पहिराए बर आय हस?"

आता हशा नव्हता. आम्हालाच टोपी घालायला आलीस का, असा तो सवाल होता आणि पुढची माणसं उत्तराची वाट बघत होती. सुनीतीनं अच्युतरावांकडं पाहिलं. त्यांनी अगदी हलकेच मान हलवली, नको म्हणून.

सुनीतीनं एक बडी उचलली आणि बोटानं घासली. बोट काळं झालं. तिच्या आईनं, शारदाबाईंनी, जन्मभर कॉलनीच्या गच्चीवर सांडगे, पापड वाळवले होते. पहाटे उठून कोहळा किसायचा, डाळ वाटायची, उन्हाच्या हिशोबानं दिवस मांडायचा, हे सगळं काम सुनीतीच्याही हातांना माहीत होतं. २०५०चं काही हातात धरता येत नव्हतं. हे येत होतं.

"दाई, तू बरोबर बोलतेस," ती म्हणाली. दाई म्हणजे आई. आणि हे तिनं हिंदीत नाही, छत्तीसगढीतच सांगितलं. "चुलीच्या एका तोंडावर भात असतो. दुसऱ्या तोंडावर आपण पाणी ठेवतो, की आच वाया जाऊ नये. आमची चूल दुसरं तोंड उघडं ठेवून जळते आहे. आच पण जाते, राख पण जाते. कार्बन कमी करायचा तर पहिलं हेच बंद करायला पाहिजे. जेव्हा टोपी बंद होईल तेव्हा तुझी बडी पांढरी राहील आणि आमचा कोळसा वाचेल. दोन्ही कामं एकच आहेत."

"कब?" म्हातारीनं विचारलं.

"पुढच्या हिवाळ्याच्या आत. माणसाच्या जिवाला धोका असेल तेव्हाच टोपी उघडेल, एरवी नाही. आणि उघडली तर लपणार नाही. चिमणीवर लाल दिवा लावू. टोपी उघडली की दिवा आपोआप लागेल. तुमच्या घरातून दिसेल असा."

कॅमेरा चालू होता. समोर बसलेल्या अपर कलेक्टरनं लिहिणाऱ्याला सांगितलं, "यह कंपनी का आश्वासन है, दर्ज कीजिए."

कचेरीत परतल्यावर अच्युतरावांनी दार लावून घेतलं.

"कुणाला विचारून बोललात हे?"

"कुणालाच नाही."

"तुम्हाला कल्पना आहे का, एक भट्टी थांबली की काय होतं? मुंबईला मी काय सांगू?"

"सांगा, की आपण जे लक्ष्य फलकावर लिहिलंय, त्याची सुरुवात रायपूरनं केली." सुनीतीचा आवाज बाहेर शिपायापर्यंत पोचत होता. "सर, तुम्ही मला काढू शकता, तो तुमचा अधिकार आहे. पण बोललेलं आता काढता येणार नाही. ते सगळ्यांनी ऐकलंय. आणि खरं सांगू? तुम्हालाही ते खोटं वाटत नाहीये."

अच्युतराव उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "खोटं नाही. अवघड आहे."

"अवघड तर अवघड. करू."

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. नवरा चारुदत्त पंडरीत कापडाचं घाऊक दुकान चालवायचा आणि बाजारात कुठलीही गोष्ट तासाभरात फिरते.

"काहून असं करून राहिली तू?" त्यानं विचारलं. "नोकरीची थोडी वर्षं राहिली आहेत. सुखानं काढायची होती की."

"मी सुखातच आहे, अहो. इतक्या दिवसांनी मले बरं वाटून राहिलं."

मुलगी श्रावणी कॉलेजात होती. मराठी सगळं समजायची, उत्तर हिंदीतच द्यायची. ती मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, "मम्मी का वीडियो पूरे कॉलेज में घूम रहा है. बड़ी वाली मैडम." आणि हसली. चारुदत्तही मग हसला, आणि त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

मदत आली ती अनपेक्षित बाजूनं. चिरागनं दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. त्याच्यावर मुंबईत ताण होता. पहिल्या वर्षाचा अहवाल तोंडावर आला होता आणि दाखवायला रोपांच्या फोटोंपलीकडे काही नव्हतं. टोपीतून किती आच जाते, त्यात किती वीज झाली असती, तिच्यासाठी किती कोळसा जळला नसता, हे त्यानं सुनीतीकडून समजून घेतलं आणि संचालकांसमोर मांडलं. संचालकांना गावाचं किती पटलं कोण जाणे, पण वाया जाणाऱ्या विजेचं पटलं. रायपूरच्या कारखान्याला एक वर्ष मिळालं.

खरी लढाई पुढंच होती, आणि ती होती नरहरी निनावेशी. नरहरी भट्टीचा फोरमन. मूळचा भंडाऱ्याकडचा, सुनीतीइतकीच वर्षं या कारखान्यात काढलेला. टोपी उघडायची की नाही, हे प्रत्यक्षात तोच ठरवत असे.

"मॅडम, तुमी मांडवात बोलून आल्या," तो म्हणाला. "भट्टीपाशी आमी राहतो. आतल्या हवेचा ओढा, ड्राफ्ट, मागं फिरला तर ज्वाळा माह्या पोट्ट्यांच्या तोंडावर येते. टोपी बंद ठेवतो म्हणायले सोपं आहे."

"जिवाला धोका असला तर उघडा म्हणूनच सांगितलं मी, नरहरीभाऊ. पण किती वेळा जिवासाठी उघडता, आणि किती वेळा माल पुरा करायसाठी?"

नरहरीनं गुटख्याची पुडी खिशात परत ठेवली आणि म्हणाला, "मालासाठी उघडतो, कारण माल कमी पडला तर बोलणी आमालेच बसतात."

"बोलणी मी खाईन. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

दोघं भट्टीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले आणि पहिल्यांदा नीट बोलले. नळ्या तुंबायच्या आधी साफ करायच्या असतील तर बॉयलरला जास्तीची दारं लागतील. भट्टी चालू असताना राख झाडणारी यंत्रं लागतील. प्रत्येक पाळीत दोन माणसं फक्त त्याच कामावर हवीत. कोळसाही चाळून हवा, भुकटी आत गेली की राख दुप्पट. यातलं निम्मं सुनीतीला सुचलं होतं, निम्मं नरहरीला. भांडताना दोघांचे आवाज एकसारखे चढत, त्यामुळं दुरून बघणाऱ्यांना वाटे, आता हाणामारी होते. प्रत्यक्षात दोघांचं जमत चाललं होतं.

मार्चमध्ये परीक्षा आली. दारं बसायची होती, यंत्रं यायची होती, आणि एका भट्टीचा बॉयलर तुंबला. पूर्वीसारखं करायचं तर टोपी उघडून महिनाअखेर गाठता आली असती. नरहरीनं सुनीतीला बोलावलं. सुनीती अच्युतरावांकडे गेली.

"भट्टी थांबवायची," ती म्हणाली.

"महिना बुडेल."

"बुडेल. पण आज उघडली, तर परत ती बंद होणार नाही. सगळ्यांना कळेल, की मॅडम बोलतात तसं काही नसतं."

अच्युतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी स्वतः भट्टीवर फोन केला आणि थांबवायला सांगितलं. भट्टी गार होईपर्यंत, साफ होऊन पुन्हा तापेपर्यंत आठवडा उलटला. मुंबईहून रोज फोन येत होते. त्या आठवड्यात सुनीतीला एकदाच भीती वाटली. कँटीनमध्ये एक तरुण कामगार तिच्याकडे न बघताच शेजाऱ्याला म्हणाला, की या बाईच्या नादात भट्टी कायमची बंद होणार आणि आपण घरी बसणार. ती ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसली. "घरी कोणी बसणार नाही," म्हणाली. "या कामाला माणसं वाढणार आहेत. तुझं नाव सांग, तुलाच घेते." त्यानं नाव सांगितलं, आणि राख झाडायच्या पहिल्या तुकडीत तो होता.

उन्हाळ्यापर्यंत दारं बसली, यंत्रं आली. लाल दिवाही चढला. कोसमपाऱ्याच्या बायकांनी पहिले काही दिवस संशयानं वर बघितलं. दिवा लागत नव्हता, आणि आखूड चिमणीतून धूरही निघत नव्हता. मग कोणी फारसं वर बघेनासं झालं. छपरांवर पुन्हा बड्या पसरल्या.

आणि मे महिन्यात, भर दुपारी, अंधड आलं. धुळीचं वादळ असं, की समोरचा ट्रक दिसेना. बाहेरून येणारी वीज गेली, वायू ओढणारा पंखा बंद पडला आणि भट्टीतली आग उलटी यायला लागली. नरहरीनं एक क्षणही घालवला नाही. टोपी उघडली. दिवा लागला.

वादळ ओसरलं तेव्हा कोसमपारा गेटवर उभा होता. पुढं तरुण पोरं, मागं बायका. वरती लाल दिवा बॅटरीवर अजून जळत होता, कारण पंखा चालण्याइतकी वीज आली नव्हती आणि टोपी उघडीच होती. सुरक्षारक्षकांनी गेट लावून घेतलं होतं. अच्युतराव म्हणाले, "जरा थांबू. आपोआप पांगतील."

"नाही सर," सुनीती म्हणाली. "दिवा आपणच लावला. तो बघून माणसं आली. आता तोंड लपवलं तर दिव्याला अर्थ काय?"

तिनं गेट उघडायला लावलं आणि एकटीच बाहेर गेली. पोरं एकदम बोलू लागली. शब्द दिला होता, मोडला, झालं सगळं पहिल्यासारखं. तिनं कुणालाच अडवलं नाही. सगळे दमले तेव्हा म्हणाली, "टोपी उघडली आहे. का उघडली, ते मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल कंपनीची बाई आहे, सांगणारच. चला आत. स्वतः बघा."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. सुकवारा बाई पुढं झाली. सुनीतीनं तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं, पट्टा हनुवटीखाली बसवून दिला आणि तिचा हात धरून तिला कंट्रोल रूमच्या लोखंडी जिन्यावरून वर नेलं.

आत नरहरी आणि त्याची माणसं घामानं निथळत होती. एकाच्या हाताला थोडी आच लागली होती, त्याला मलम लावणं चाललं होतं. पंखा बंद कसा पडला, आग कशी उलटली, टोपी उघडली नसती तर ती कुठं आली असती, हे नरहरी हातवारे करून दाखवू लागला. म्हातारीनं ते अर्धंच ऐकलं. ती त्या मलम लावलेल्या हाताकडं बघत होती.

"कोनो ला जादा त नइ लागिस?" तिनं विचारलं. कुणाला जास्त लागलं तर नाही ना?

नरहरीनं हात खाली घेतले. "नाही, दाई. टोपी उघडली म्हणून वाचलो."

"हव," म्हातारी म्हणाली. "बने करेस." बरं केलंस.

पंखा सुरू झाला, वायू सरळ वाटेला लागला आणि तिच्या समोरच नरहरीनं टोपी बंद केली. काचेतून दिसणारा दिवा विझला. सुकवारा बाई जिना उतरली, गेटबाहेर गेली आणि तिथं जमलेल्यांना तिनं आपल्या भाषेत, आपल्या ढंगात सगळं सांगितलं. आत माणसं होती, आग उलटी आली होती, म्हणून उघडली, आता बंद झाली, मी बघितलं. एका पोरानं काही विचारायचा प्रयत्न केला, तर तिनं त्यालाच झापलं, की तुझा भाऊ नाही का रोलिंग मिलमध्ये कामाला, त्याच्या तोंडावर आग आली असती तर? पोरं परतली. अच्युतराव खिडकीतून हे सगळं बघत होते. संध्याकाळी ते सुनीतीच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मी तर गेट लावून बसलो असतो."

वर्ष संपता संपता हिशोब झाला तेव्हा रायपूरच्या कारखान्याचा कार्बन खरोखर घटला होता. वीज वाढली होती, दुसरीकडचा कोळसा वाचला होता. एक तृतीयांशाचं लक्ष्य अजून बरंच लांब होतं. सुनीतीला ते माहीत होतं आणि ती ते लपवतही नव्हती. "हे सोपं होतं," ती चिरागला म्हणाली. "भट्टीत मुळात कोळसाच जळतो आहे. त्याचं काय करायचं, ते आता तुम्ही शिका. आम्ही म्हातारे झालो तरी ओरडायला येऊ." नव्या भट्टीला परवानगी मिळाली ती दिव्याच्या अटीसकट. कंपनीचा अहवाल छापून आला, त्यात पहिल्या पानावर रोपाला पाणी घालणाऱ्या एका संचालकाचा फोटो होता. टोपीचा उल्लेख आतल्या एका ओळीत होता. कारखान्यात ते पान बघून नरहरी चिडला. सुनीती खो खो हसली.

"फोटो त्यांचा असू दे, नरहरीभाऊ. त्या झाडाले पाणी तरी मिळालं."

पुढच्या महिन्यात मुंबईहून निरोप आला. रायगढकडच्या कारखान्यातही हेच करायचं आहे, काम सुनीतीनं उभं करून द्यावं. नरहरीला बरोबर घेऊन ती गाडीनं निघाली. तिथला फोरमन तिच्याहून उंच, मिशा पिळलेला, आणि दारातच हात कमरेवर ठेवून उभा.

"मैडम," तो म्हणाला, "ये सब रायपुर में चलता होगा. यहाँ की भट्टी अलग है."

"असं का?" सुनीती म्हणाली. तिनं शेजारची एक खुर्ची ओढली, नरहरीनं दुसरी. "बसा भैया. कशी अलग आहे, ते आधी सांगा. आम्हाला घाई नाही."

फोरमननं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग तिसरी खुर्ची घेऊन तोही बसला, आणि थोड्याच वेळात तिघांचेही आवाज चढले.